रोजच्या योगाभ्यासाने सुटलेले पोट का उतरत नाही?

बडोद्याच्या कारेलीबागेत राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.१. गेली दोन वर्षे त्या पहाटे साडेचारला उठून चाळीस मिनिटे योगाभ्यास करतात. त्यात बारा सूर्यनमस्कार, काही आसने आणि कपालभातीचे तीनशे ठोके असतात. रात्री निजायला साडेअकरा होतात, दिवसाला पाच कप चहा होतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. दोन वर्षांत वजन दीड किलोने उतरले, पोट मात्र आहे तसेच आहे. मुलगी म्हणते, योग सोडून जिम लाव. शेजारच्या काकू म्हणतात, कपालभाती हजारावर ने. योगाने चरबी जाते की नाही, हे एकदा स्पष्ट सांगा, अशी त्यांची विनंती आहे. पत्राच्या अखेरीस यजमानांविषयीही दोन ओळी आहेत. त्यांच्याकडे मीही अखेरीस येतो.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या चाळीस मिनिटांच्या अभ्यासाने चरबी जाते, पण फार थोडी, आणि जेवढी जाते तेवढी दिवसाच्या उरलेल्या वेळात भरून निघते. संथ हठयोगाच्या अभ्यासात शरीराचा ऊर्जाखर्च स्वस्थ बसण्याच्या साधारण अडीचपट धरतात. ६८ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी तो चाळीस मिनिटांत ११० ते ११५ किलोकॅलरी होतो, आणि त्यांतल्या ४५ तर तुम्ही तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिला असतात तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे अभ्यासाची निव्वळ कमाई सुमारे ७०. चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम साखर धरली तर तिच्यात २० किलोकॅलरी असतात, तेव्हा तुमच्या पाच कपांतील साखरच २०० वर जाते. पहाटेची कमाई दुसऱ्या कपापाशीच संपते. 'योग करून पाहिला, उपयोग नाही' असे कोणी मला सांगितले, की मी त्याला आसने करून दाखवायला सांगत नाही. काल संध्याकाळी काय खाल्ले आणि किती वाजता निजलात, एवढेच विचारतो.

आता कपालभातीविषयी, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. चरबी शरीरातून बाहेर जाते ती खरोखरच मुख्यतः श्वासावाटे जाते; दहा किलो चरबी पूर्णपणे जळाली, तर तिच्यातील सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन बाहेर पडते. हे ऐकल्यावर काहींना वाटते, की मग जोरजोराने श्वास सोडला म्हणजे चरबी लवकर जाईल. हा उलटा विचार आहे. चूल पेटलेली नसताना धुराडे कितीही साफ केले, तरी लाकूड जळत नाही. स्नायूंनी काम केले तरच चरबी जळते. नुसते श्वास वाढवले, तर रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा गरजेपेक्षा जास्त निघून जातो, आणि त्यामुळेच हजार ठोके मारणाऱ्यांना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ही मंडळी त्या मुंग्यांना 'शक्तीचा संचार' समजतात, हे पाहून मला हसावे की रडावे ते कळत नाही. कपालभातीने पोटाच्या भिंतीचे स्नायू जागे होतात, नाक आणि डोके मोकळे होते, आळस जातो, आणि त्यासाठी ती जरूर करावी. पण दोन-तीन आवर्तने, प्रत्येकी चाळीस-पन्नास ठोके, मध्ये विश्रांती, एवढे पुरे आहे. स्नायूंच्या वरचा थर त्या स्नायूंच्या हालचालीने विरघळत नाही. चरबी कोठून कमी करायची, हे शरीर ठरवते; आपण पोटाची निवड करू शकत नाही.

बडोद्याच्या माणसाला हे सांगताना मला नेहमी थोडा अभिमान वाटतो, कारण या विषयाची शास्त्रीय तपासणी आपल्या गावाशी जोडलेली आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणे) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणे) या क्रियांवर प्रयोग केले आणि पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाखवले आणि मालसरच्या माधवदासजी महाराजांच्या, म्हणजे आपल्या गुरूंच्या, नावाने त्या स्थितीला नाव दिले. लक्षात घ्या, त्या प्रयोगांचा विषय दाब होता, चरबी नव्हे. याच गुण्यांनी योगाकडे वळण्यापूर्वी, १९०७ ते १९१० या काळात, प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत तालीम केली होती. मुलीचे 'जिम' आणि तुमचा 'योग' हे दोन पक्ष म्हणूनच मला खोटे वाटतात. ज्यांनी योग प्रयोगशाळेत नेला, त्यांचे शरीर आखाड्यात घडले होते.

तुमच्या आकड्यांकडे वळतो. भारतीयांसाठी शरीरभार निर्देशांक (बीएमआय) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात, तुमचा २७.६ आहे. पण माझ्या मते यापेक्षा कंबर अधिक बोलकी असते. स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा त्याहून सोपा नियम आहे. तुमच्या उंचीच्या निम्मे ७८ होतात. टेप शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता लावायचा. साडीच्या निऱ्यांवरून घेतलेले माप धरायचे नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांची एक तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडच्या सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, त्याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे. कातडीखाली चिमटीत येते ती चरबी दिसायला वाईट, पण आतडी आणि यकृत यांच्याभोवती साठते ती अधिक त्रास देते. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वयात स्त्रियांची चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते, त्यामुळे तुमचे पोट वाढले ते सगळेच तुमच्या चुकीने वाढले असेही समजू नका. सुदैवाने वजन उतरू लागले, की ही आतली चरबी तुलनेने लवकर हलते. वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन ते सात किलो, एवढी घट झाली तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसतो. ५२ किलोचे लग्नातले वजन परत आणण्याचा हट्ट धरू नका.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट आहारातली नाही. साडेअकराला निजणे आणि साडेचारला उठणे म्हणजे पाच तासांची झोप, तीही दोन वर्षे. ब्रह्ममुहूर्ताचा महिमा मला मान्य आहे. पण ज्यांनी तो सांगितला ते दिवेलागणीनंतर लवकरच निजत होते, रात्री अकरापर्यंत मालिका पाहून आणि उद्याच्या डब्याची भाजी निवडून नव्हे. झोप अपुरी झाली, की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, तृप्ती सांगणारे लेप्टिन घटते, आणि दुसऱ्या दिवशी माणसाला नेमके गोड आणि तळलेलेच हवेसे वाटते. एवढेच नव्हे, तर कमी खाऊन वजन उतरवताना झोप कमी असेल, तर उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा घटतो आणि स्नायूंचा वाढतो. तुमचे पाच कप चहा हे मला व्यसन वाटत नाहीत. ती अपुऱ्या झोपेची भरपाई आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहाराच्या जोडीला झोप आणि जागे राहणे हीही युक्त असावीत असे म्हटले आहे. आपण आहाराचा अर्धा श्लोक पाठ करतो आणि झोपेचा सोडून देतो. तेव्हा पहिला बदल हा, की दहा-सव्वादहाला अंथरुणावर पडायचे आणि साडेपाचच्या आत उठायचे नाही. सकाळी मग अभ्यासाला वीसच मिनिटे उरली तरी चालतील. उरलेला संध्याकाळी, रिकाम्या पोटी करा. तुम्हाला हा सल्ला योगशिक्षकाच्या तोंडी विचित्र वाटेल, पण झोप कापून केलेला योग मी माझ्या वर्गात कोणालाही करू देत नाही.

दुसरा बदल ताटातला. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टींची यादी आहे. तिच्यात पहिलेच नाव अत्याहाराचे आहे. त्याच ग्रंथात मिताहार म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून घेतलेला आहार. हा नियम मी वर्षानुवर्षे शिकवत होतो आणि स्वतः पाळत नव्हतो. एकोणपन्नासाव्या वर्षी सहज केलेल्या सोनोग्राफीत माझ्या यकृतावर चरबी निघाली. मी दिवसाला तीन वर्ग घेत होतो, दहा मिनिटे शीर्षासनात राहू शकत होतो. मला ते खरेच वाटेना. मग आठवडाभर वहीत सगळे लिहून काढले, तेव्हा दिसले, की वर्गात मी बोलत होतो आणि आसने विद्यार्थी करीत होते. सकाळच्या वर्गानंतर विद्यार्थी प्रेमाने सेव-उसळ खाऊ घालत, रविवारी फाफडा-जिलेबी ठरलेली, आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता लीलो चेवडा किती संपतो याचा मला पत्ताच नसे. दहा महिन्यांत सात किलो उतरले ते त्या वहीमुळे. आसनांत मी एकाचीही भर घातली नव्हती.

तुमच्याकडे चार माणसांत तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो, असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० किलोकॅलरी, आणि बाहेरचे फरसाण वेगळेच. तोच डबा सहा आठवडे पुरवला, तर रोजच्या सुमारे १०० किलोकॅलरी कोणालाही न कळता वाचतात. फोडणी मोजून घाला, बाटलीतून थेट कढईत ओतू नका. चहाची साखर एकदम बंद न करता दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ तेवढ्या वेळात जुळवून घेते. आमटीतला गूळ काढून टाका असे मी बडोद्यात कोणाला सांगत नाही, कारण मग माणूस ऐकणेच बंद करतो. खडा लहान करा म्हणजे झाले. दुसऱ्या बाजूला तुमच्या ताटात प्रथिने फार कमी आहेत. पातळ वरणाचे दोन घास आणि तीन पोळ्या हे जेवण पोट भरते, पण स्नायूंना फारसे देत नाही. घट्ट वरणाची भरलेली वाटी सहा-सात ग्रॅम प्रथिने देते. दोन्ही जेवणांत ती हवीच, शिवाय सकाळी मोडाचे मूग किंवा पनीर आणि दुपारी घरचे दही-ताक असू द्या. तुमच्या वजनाला दिवसाकाठी ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. पोळ्या तीनच्या दोन झाल्या आणि वरण-उसळ वाढली, तर उपाशी राहिल्यासारखे वाटणार नाही.

तिसरा बदल श्रमाचा, आणि येथे मुलीचे म्हणणे अर्धे खरे आहे. पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, आणि ते वाचवण्यासाठी शरीरावर भार पडावा लागतो. त्यासाठी जिमच हवी असे नाही. आठवड्यातून तीन दिवस बैठका, भिंतीला हात टेकून जोर, आणि उत्कटासन, वीरभद्रासन, सेतुबंधासन, शलभासन हे प्रत्येकी तीस-चाळीस सेकंद टिकवून, तीन-तीन वेळा, इतके करा. पहिल्या महिन्यात दहा बैठकांनी पाय थरथरतील. तिसऱ्या महिन्यात तीस होतील. शेवटच्या दोन बैठकांना कष्ट पडले नाहीत, तर भार वाढवायची वेळ झाली असे समजा. गुडघे आधीच कुरकुरत असतील, तर खुर्चीवर बसून उठण्यापासून सुरुवात करा. बारा सूर्यनमस्कार तुम्ही म्हणता तशा गतीने पाच-सहा मिनिटांत होतात. हृदयाच्या व्यायामासाठी ते अपुरे आहेत. दर आठवड्याला दोनने वाढवत छत्तीसपर्यंत न्या, आणि गती अशी ठेवा, की बोलता यावे पण गाता येऊ नये. याशिवाय आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे हवेच. कमाटीबागेत सकाळी सातच्या आत जा. मे महिन्यात त्यानंतरचे ऊन चालणाऱ्याचा घाम काढते, चरबी नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली केली, तर जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहते. वज्रासनात बसण्यापेक्षा तुमच्या रिपोर्टला मी हे अधिक उपयोगी मानतो. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळलात तर उत्तमच, मात्र रात्री एकला फरसाणाच्या गाडीवर तो खेळ संपवू नका.

मग योगाचे विशेष काम कोणते, असे तुम्ही विचाराल. हठप्रदीपिकेतल्या त्या सहा गोष्टींच्या यादीत शेवटचे नाव लौल्याचे आहे. लौल्य म्हणजे मनाची लालसा, एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारणे. संध्याकाळी साडेपाचला तुमचा हात डब्याकडे जातो तेव्हा ती भूक असते, थकवा असतो की घरातली एखादी कुरबुर असते, हे ओळखणे हा माझ्या दृष्टीने योगाभ्यासाचा गाभा आहे. त्या वेळी डबा उघडण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ ताठ ठेवून बसा. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येईल इतका संथ करा, उच्छ्वास श्वासाहून थोडा लांब ठेवा, पाच-सात भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करीत सोडलेले श्वास, करा. त्यानंतरही भूक लागलेली असेल तर खुशाल खा, बशीत काढून, बसून. माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा बशी काढलीच जात नाही. ट्रेडमिलवर जे शिकता येत नाही ते हे आहे, आणि म्हणूनच योग सोडा असे मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच यादीत नियमाग्रह, म्हणजे नियमाचा दुराग्रह, हाही दोष म्हणून सांगितला आहे. महिनाभर भात सोडून नंतर एका लग्नात सगळे वसूल करणाऱ्यांनी तो शब्द लिहून ठेवावा.

लिंबू-मध-पाणी, पोटाला बांधायचे पट्टे, चरबी वितळवणारी चूर्णे यांविषयी फार लिहीत नाही. मधातही साखरच असते आणि पट्ट्याने जाते ते पाणी. एकादशीचा उपास मनासाठी जरूर करा, पण शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा चिवडा हा उपास कमरेच्या खात्यात जमा होतो.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहापूर्वीचा टप्पा आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांशी बोलून थायरॉइड, रक्तातील मेद, रक्तदाब आणि यकृताची तपासणी करून घ्या. थायरॉइडचे काम मंद असेल, तर वर लिहिलेले सारे करूनही वजन अडून बसेल आणि तुम्ही स्वतःला दोष देत राहाल. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. कंबर पंधरवड्यातून एकदा, वजन आठवड्यातून एकदा, दोन्ही सकाळी, आणि आकडा वहीत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो याहून वेगाने उतरू लागले, तर जेवण वाढवा. मासिक पाळीच्या दिवसांत कपालभाती आणि उड्डियान वगळा.

आता यजमान. त्यांना जांघेत हर्निया आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि तुमचे पाहून तेही कपालभाती आणि नौली करू लागले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी या दोन्ही क्रिया, उड्डियान, नौकासन आणि श्वास रोखून धरण्याचा कोणताही प्राणायाम आजपासून थांबवावा. चालणे आणि संथ श्वसन चालू ठेवावे, जड वस्तू उचलू नयेत, आणि या आठवड्यातच शल्यचिकित्सकांना दाखवावे. त्या जागी अचानक तीव्र वेदना झाल्या, फुगवटा आत जाईनासा झाला किंवा उलट्या होऊ लागल्या, तर रात्र आहे म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या. शल्यचिकित्सक काय म्हणतात ते मला कळवा. त्यांचा अभ्यास मी त्यानंतरच ठरवीन.